चौदा राघू आणि आठ जीबी

आठ जीबीचा आहे मी. जुना. टोपण कधीच हरवलंय, अंगावरची अक्षरं घासून गेलीत, एका कोपऱ्याला चिकटपट्टी आहे. मित्रांनो, लोक मला पेनड्राइव्ह म्हणतात. खरं सांगतो, दमलोय मी. आजवर किती वेळा भरलो आणि किती वेळा पुसलो गेलो, त्याचा हिशोब माझ्याकडंही नाही.

जन्म कुठं झाला ते धड माहीत नाही. लांबच्या कारखान्यात, खोक्यात शंभर जण, सगळे एका तोंडाचे. मला नीट आठवतं ते वसमतच्या बसस्टँडजवळचं मोबाईलचं दुकान. तिथं काचेमागं लटकत होतो. एक दिवस अफसाना आली. तिनं दुकानदाराला सांगितलं, "आठ जीबीच्या वर नको. माझ्या मशीनला झेपत न्हाई." मोठे मोठे भाऊ बाजूला राहिले आणि मी निघालो. त्या दिवशी मला लई भारी वाटलं होतं.

अफसानाकडं भरतकामाचं मशीन आहे. सेकंडहँड घेतलेलं. ब्लाऊजच्या पाठीवर, ओढणीवर, लेकरांच्या कपड्यांवर ते सुईनं फुलं काढतं. पण फूल कसं काढायचं, सुई कुठं खाली जाणार, धागा कुठं वळणार, हे मशीनला कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारा मी. मशीनला स्वतःच्या पोटात जागा फार थोडी. काम झालं की ते विसरून जातं. लक्षात ठेवायचं काम माझं.

आता एक गोष्ट समजावून सांगतो. वसमतच्या मोंढ्यात हळदीचं गोदाम बघितलंय का? पोती नुसती फेकून देत नाहीत. कोणाची थप्पी कुठं लावायची, ते ठरलेलं असतं. माझ्या पोटातही अशीच मांडणी असते. तिला फॉरमॅट म्हणतात. एक आहे फॅट थर्टी टू. जुनी, साधी, जवळपास सगळ्या यंत्रांना कळते. पण चार जीबीपेक्षा मोठी एकच एक फाइल तिच्यात बसत नाही, बाकी जागा कितीही मोकळी असो. मग एनटीएफएस आहे, एक्सफॅट आहे. त्यांच्यात मोठ्या फायली बसतात, पण जुन्या यंत्रांना ती मांडणी वाचताच येत नाही. आणि मांडणी बदलायची म्हणजे गोदाम आधी रिकामं करावं लागतं. हे शेवटचं तेवढं लक्षात ठेवा. कोणी ठेवत नाही.

अफसानाचं मशीन जुनं. त्याला फक्त पहिली मांडणी कळते.

सहा वर्षं आम्ही असं काम केलं. अफसानाकडं कंप्युटर नव्हता. गल्लीत पुनमचं टायपिंगचं सेंटर आहे, तिथं दुपारी एक कंप्युटर मोकळा असायचा. तिथं बसून अफसाना भरतकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये डिझाईन काढायची, माझ्यात ठेवायची आणि निघताना त्या कंप्युटरवरचं सगळं पुसून टाकायची.

पुनम म्हणायची, "अफसानाताई, राहू द्या की तिथंच. जागा काय खाऊन राहिलंय का ते?"

"न्हाई बाई. दुसऱ्याच्या घरात आपलं सामान काहून ठेवा?"

चांगल्या माणसाची रीत होती ती. पण त्यामुळं झालं असं की दोनशेच्या वर डिझाईनं आणि ती सांभाळायला मी एकटा. सात रुपयांच्या किल्लीच्या कडीत अडकवलेला, मशीनच्या बाजूला खिळ्याला टांगलेला.

मग औंढा नागनाथहून आशाबाई आल्या. मंदिराजवळ त्यांचं बेल-फुलं आणि नारळाचं दुकान आहे. त्यांनी पिशवीतून एक जुनी कुंची काढली. कुंची म्हणजे लेकराच्या डोक्यावरची टोपी, तिलाच मागं पाठीवर झूल. झुलीच्या काठाला चौदा राघू होते, हातानं भरलेले. आशाबाईंच्या आईनं भरले होते. कापड इतकं विरलेलं की बोट लागलं तरी सूत तुटायचं.

"माझ्या प्रतिक्षाला लेक झाली," आशाबाई म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी, शुक्रवारी बारसं हाय. ही घालायला गेलं तर फाटंल. नव्या कापडावर आशेच राघू काढून द्या, माय. आशेच म्हंजे आशेच."

अफसानानं बघितलं तर एकही राघू दुसऱ्यासारखा नव्हता. एकाची चोच आखूड, एक मागं वळून बघतोय, एकाला डोळाच नाही, बहुतेक काळा धागा संपला असेल. तिनं एकेक राघू वेगळा काढला. अकरा दिवस लागले. चौदावा माझ्यात आला तेव्हा तिनं डोळे चोळले आणि जुनी कुंची आशाबाईंना परत पोचती केली. आता नुसतं मशीन चालवायचं बाकी होतं. सोमवारी चालवू, म्हणाली.

अफसानाचा नवरा मकबूल. हळदीच्या पोत्यांचा टेम्पो चालवतो. वाईट माणूस नाही, हे आधीच सांगतो. त्याच्या भावाचं, कलीमचं लग्न नुकतंच आखाडा बाळापूरला झालं होतं. तिथल्या फोटो स्टुडिओवाल्या स्वप्निलनं व्हिडिओ काढला होता. रविवारी सगळे नातेवाईक टीव्हीसमोर जमणार होते. व्हिडिओ आणायला निघताना मकबूलनं मला खिळ्यावरून काढलं आणि खिशात टाकलं. फुलं मशीनच्या आत असतात, असंच त्याला वाटायचं. अफसाना भाकरी करत होती. तिला विचारावं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

स्वप्निलनं मला कंप्युटरला लावलं. व्हिडिओ साडेपाच जीबीचा. कंप्युटर म्हणाला, मावत नाही.

"सात जीबीच्या वर जागा दाखवून राहिला की," मकबूल म्हणाला. "मंग मावत काहून न्हाई?"

"फॅट थर्टी टू हाय, मकबूलभाई. एक फाइल चार जीबीच्या वर घेत न्हाई. दोन तुकडे करून देतो."

"शादीचे तुकडे करतो व्हय रे? अम्मी मला घरात घेईल का?"

"मंग फॉरमॅट बदलावा लागंल. एनटीएफएस टाकतो, टीव्ही घेतोय त्याला. पण आतलं सगळं जाईल. काय हाय यात?"

दोघांनी आत बघितलं. माझ्यातल्या फायली मशीनच्या भाषेतल्या. भरतकामाचं सॉफ्टवेअर नसलेल्या कंप्युटरला त्या कळत नाहीत. स्वप्निलनं एकीवर क्लिक केलं, उघडली नाही. दुसरीवर केलं, तीही नाही.

"काहीच उघडंना. व्हायरस दिसतोय."

"उडव मंग," मकबूल म्हणाला.

मित्रांनो, त्या वेळी मी ओरडलो असतो. पण आम्हाला तोंड नसतं, नुसता एक लाल दिवा असतो. तो लुकलुकला. स्वप्निलला वाटलं, काम चालू झालं.

रविवारी माझं लई कौतुक झालं. शादी टीव्हीवर एका दमात चालली, कुठं अडकली नाही. मकबूलची अम्मी म्हणाली, "एवढासा हाय, पण कामाचा हाय." मी ऐकून घेतलं.

सोमवारी सकाळी अफसानानं मला मशीनला लावलं. मशीन दोनदा वाजलं. पडदा रिकामा. तिनं मला काढलं, फुंकर मारली, पदराला पुसलं, परत लावलं. पाच वेळा केलं. मग मकबूलला हाक मारली. ते घरात दखनी उर्दूत बोलतात, मी तुमच्यासाठी मराठीत सांगतो.

"याला कोणी हात लावला व्हता का?"

"म्या नेला व्हता. कलीमची शादी भरलीय त्यात. काहून?"

अफसाना खाली बसली. मग एवढंच म्हणाली, "चौदा व्हते."

पुनमनं दुपारपर्यंत माझ्या पोटात शोधाशोध केली. पुसलेलं परत काढणारं सॉफ्टवेअर असतं तिच्याकडं. पण पुसल्यावर माझ्यात वरून साडेपाच जीबीचं लग्न भरलं होतं. रिकाम्या गोदामात दुसऱ्याची थप्पी लागली होती. नऊ डिझाईनं सापडली, तीही अर्धीमुर्धी. राघू एकही नाही.

मकबूल दारात उभा होता. "आशाबाईला सांग, लाईट नव्हती म्हणून झालं न्हाई."

"अकरा दिस लाईट नव्हती? औंढ्याची लोकं काय दुसऱ्या देशात राहत्यात?" अफसानानं मला त्याच्या हातात दिलं. "तुमीच जा. हा बी घेऊन जा. जे झालं तेच सांगा आन् जुनी कुंची मागून आणा."

मी मकबूलच्या खिशात होतो. बसनं आम्ही औंढ्याला पोचलो. आशाबाईंच्या दुकानावर गर्दी होती. तो बाजूला थांबला. गर्दी कमी झाल्यावर पुढं सरकला.

"मावशी, कुंचीचं जरा..."

"झाली का?"

"झाली व्हती."

"व्हती म्हंजे?"

त्यानं मला काढून नारळांच्या बाजूला ठेवलं. "यात व्हती. म्या पुसली. भावाच्या लग्नाचा व्हिडिओ भरायला. अफसानाची काही चुकी न्हाई."

आशाबाईंनी मला तळहातावर घेतलं, उलटं करून बघितलं. "एवढ्याशात चौदा राघू?"

"आन् आणखी दोनशे डिझाईनं."

"लग्न लई मोठं केलं वाटतं, भाऊ."

कोणीतरी नारळ मागितला. आशाबाईंनी दिला, सुट्टे दिले, परत वळल्या. "आमच्याकडले टेलर लाईटचं नाव सांगतात."

"म्या बी तेच सांगणार व्हतो. बायकोनं सांगू दिलं न्हाई."

"शुक्रवारी बारसं हाय. समद्या पाव्हण्यांना सांगून झालंय." हे त्या रागावून नाही बोलल्या. तेच जास्त लागलं. मग आतून कुंची आणली, सुती फडक्यात गुंडाळलेली. "मांडीवर घेऊन बसा. गर्दीत पिशवी टांगू नका."

परत आल्यावर पुनमनं मला कंप्युटरला लावलं. मांडणीच्या नावांची यादी समोर आली. तिनं लगेच बटण दाबलं नाही. "ताई, तुमच्या मशीनला यातलं काय कळतं?" इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा ऐकलं. नाही तर सगळे विचारतात, यातलं चांगलं कोणतं? चांगलं असं काही नसतं. ज्या यंत्राला लावायचं त्याला जे कळतं, ते चांगलं. अफसानानं मशीनचं जुनं पुस्तक काढून बघितलं. फॅट थर्टी टू. शादी पुनमनं आधी बाजूला काढून ठेवली.

"दोन तुकडे करून देऊ का, मकबूलभाई?"

"कर बाई," तो म्हणाला.

आता मंगळवार, बुधवार, गुरुवार. अकरा दिवसांचं काम तीन दिवसांत. दुसऱ्या राघूवरच अफसानाचं बोट दुखायला लागलं.

"एकच काढा आन् चौदा वेळा कॉपी करा," पुनम म्हणाली. "बारशात कोण बघायला बसलंय?"

मशीनला ते लई सोपं होतं. मलाही. अफसाना बराच वेळ त्या बिनडोळ्याच्या राघूकडं बघत राहिली. मग तिनं आशाबाईंना फोन लावला, स्पीकरवर.

"आशाबाई, चौदाच्या चौदा पाह्यजे आसतील तर एकाचेच चौदा होतील. येगयेगळे करायचे तर पाचच होतील."

पलीकडून मंदिराची घंटा तेवढी ऐकू आली.

"माझ्या मायनं एकासारखा दुसरा काढला न्हाई," आशाबाई म्हणाल्या. "पाच करा. बाकीची जागा मोकळी सोडा."

"पाव्हणे इचारतील की."

"इचारू द्या. म्या सांगीन, पोरगी वाढंल तसे राघू येतील. मैन्याला एक भरू. कुंची घेऊन मीच येत जाईन."

शुक्रवारी पाच राघूंची कुंची बारशाला गेली. नऊ जागा मोकळ्या. मकबूल पहाटेच्या बसनं स्वतः घेऊन गेला. मी घरीच होतो, खिळ्याला. तिथं काय झालं ते मला माहीत नाही, आणि कोणी सांगितलंही नाही.

पण त्या आधी गुरुवारी एक झालं होतं. पाचवा राघू झाल्यावर अफसाना पुनमला म्हणाली, "तुझ्या कंप्युटरवर मला एक फोल्डर देशील का? माझं सामान राहू दे तिथं." तिला हे मागायला जड गेलं, दिसत होतं. पुनमनं लगेच दिलं. मकबूलनं आपला फोन पुढं केला, "यात बी टाक." सहावा राघू सध्या माझ्यात आहे, पुनमकडं आहे आणि टेम्पोत मकबूलच्या खिशातही फिरून राहिलाय.

मित्रांनो, आमच्या आतल्या जागा झिजतात. प्रत्येक भरण्या-पुसण्यानं थोड्या थोड्या. माझे किती महिने उरलेत, मला ठाऊक नाही. म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो. जी फाइल तुमच्याकडं उघडत नाही, ती कचराच असेल असं समजू नका. ती दुसऱ्या कोणाकडं उघडत असेल. बटण दाबायच्या आधी ज्याची वस्तू आहे त्याला विचारा. आणि ज्यासाठी कोणी अकरा दिवस बसलंय, ते माझ्यासारख्या एकट्याच्या भरवशावर सोडू नका.

आता उद्या मी हरवलो, बंद पडलो, तरी आशाबाईंच्या नातीचे राघू अडणार नाहीत. हे ऐकून तुम्हाला माझ्यासाठी वाईट वाटेल. वाटू देऊ नका. इतक्या वर्षांत एवढं हलकं मला कधी वाटलं नव्हतं.