१४२८५७

"नागसेनभाऊ, उठा की राव! भाजी निवली."

जेवणाची घंटा होताच खंडूने हातमोजे काढले. नागसेन जागचा हलला नाही. चाकणच्या त्या कंपनीत पंपाच्या कव्हरांवर नंबर ठोकायचं काम दोघांचं होतं. खंडूने कव्हर पुसून ठेवायचं, नागसेनने ठोकायचं. पाळीला दोनशे ऐंशी, त्यावर एकही नाही. आपला खरा वेग साहेबाला कधी दाखवायचा नाही, हे शहाणपण खंडूनेच त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

पण आज नागसेनचं डोकं ठिकाणावर नव्हतं. सकाळी पहिलं कव्हर १४२५५१ निघालं. नेहमीच्या चालीने १४२८३० ला पाळी सुटली असती, आणि त्याला हवा होता १४२८५७.

बीएस्सी अर्धवट सोडलेल्या माणसाचं वेड, दुसरं काय! या आकड्याला दोनाने गुणा, २८५७१४. तिनाने गुणा, ४२८५७१. सहापर्यंत कशानेही गुणा, तेच सहा अंक जागा बदलून पुन्हा हजर. नागसेनला तो अगदी घरातला वाटे. त्याचंही तसंच होतं. सात महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, महिन्याचा ब्रेक, मग नवा टोकन नंबर आणि माणूस तोच. असं सहावं कॉन्ट्रॅक्ट आज संपत होतं. सातव्यानंतर कायम करतो, असं सुपरवायझर समर्थ तोंड भरून म्हणाला होता.

सुट्टीच्या अर्ध्या तासात नागसेनने एकट्याने सत्तावीस कव्हरं ठोकली. पाळी सुटता सुटता १४२८५७ टेबलावर आलं. शेवटचा सात उमटला तेव्हा त्याला भरून आलं. त्याने कव्हरवर कागद धरून पेन्सिल घासली आणि लेकीसाठी नंबराचा ठसा घेतला.

"तीनशे सात?" समर्थने रजिस्टर पाहिलं. "जादाचे कुठून आले, काका?"

"जेवायच्या सुट्टीत मारले, सर. एकट्यानं." अभिमानाने तो बोलून गेला.

खंडूने कपाळावर हात मारला.

"एकट्यानं? मग या टेबलावर दोन माणसं कशाला?"

खंडू कायम होता, त्यामुळे उत्तर शोधायला वेळ लागला नाही. टोकन जमा करून घेताना समर्थ म्हणाला, "काका, सातव्याची वाट बघू नका. दुसरीकडं ट्राय करा."

गेटबाहेर खंडू नुसता धुमसत होता. "एका नंबरापायी सोताचं घालवलंस. आन् आता दोघांचं काम मी एकल्यानं ओढायचं व्हय?"

 कंपनीच्या बसमध्ये नागसेन खिशातला कागद चाचपत राहिला.

संत तुकाराम नगरच्या घरी सहावीतली दीक्षा कागद घेऊन गुणाकाराला बसली. दोन, तीन, चार, पाच, सहा. प्रत्येक वेळी टाळी वाजवत होती. "पप्पा, आता सातनं गुणते."

"राहू दे गं," तो म्हणेपर्यंत तिने मांडलंसुद्धा.

"हे काय? सगळे नऊच आले! आपला एक पण अंक परत नाही आला, पप्पा."

नागसेनने कागद घडी करून तिच्या वहीत ठेवला. बोटांना शिसं लागलं होतं. हात धुवायला म्हणून तो मोरीत गेला, आणि नळ बराच वेळ वाहत राहिला.