शनिवारची भिंत

“माणसाने माणसासाठी घर बांधणे, याहून मोठी पूजा नाही!” असे कंपनीच्या प्रतिभा मॅडमनी विटांच्या ढिगावर चढून जाहीर केले आणि ढीग सरकला. मॅडम दोघांच्या खांद्यांवरून खाली आल्या. सहा विटा फुटल्या. टाळ्या मात्र थांबल्या नाहीत.

घोटीपुढच्या त्या वाडीत नाशिकमधल्या अंबडच्या कारखान्यातली तीस माणसे सकाळी बसमधून उतरली होती. टी-शर्ट एका रंगाचे, हातमोजे कोरे. मागच्या पावसात बायडाबाईंचे घर बसले; तेव्हापासून त्या शेजाऱ्याच्या गोठ्यात, म्हशीच्या अलीकडे निजत. कंपनीने घर बांधून द्यायचे मनावर घेतले होते. होळीपासून दर शनिवारी एकेक खाते येई आणि पूर्वेची भिंत बांधून जाई.

आज तपासणी खात्याची पाळी होती. त्यातला प्रफुल्ल म्हणजे केसभर चुकलेला नट भंगारात टाकणारा माणूस. दुपारी भिंत कमरेएवढी झाली, तसा त्याने सवयीने गवंड्याचा ओळंबा उचलून तिला लावला. भिंत दोन बोटे बाहेर!

“सावळीराम, हे असंच राहणार?”

“नाय ना साहेब,” गवंडी तंबाखू मळत म्हणाला. “सोमवारी पाडायची. दर सोमवारी पाडतो. तुमचे अकाउंटवाले तर लय तिरके निघाले.”

“आणि मग तू सरळ बांधतोस?”

“कुठं? गुडघ्याएवढीच ठेव म्हून कंपनीचा निरोप हाय. पुढच्या शनिवारवाल्यांनी काय बांधायचं?”

पलीकडे कुणी बाटलीतल्या थंड पाण्याने बुटांवरचे सिमेंट धूत होते. बायडाबाईंच्या हाती थापी देऊन फोटोसाठी त्यांना तिसऱ्यांदा हसायला सांगणे चालले होते. तिसऱ्यांदा हसून त्या इकडे आल्या.

“पाडली की निम्म्या विटा फुटत्यात, दादा. ढीग सरत आला. मिरगाच्या आत छप्पर नाय चढलं तर औंदाबी म्हशीपाशीच.”

“आत्ता वल्ली हाय तवर काढली तर वीट वाचंल,” सावळीराम हळूच म्हणाला. “पन आमी कसं सांगायचं?”

प्रफुल्लने हातमोजे काढून फेकले आणि वरच्या थरातली वीट उपटली. मग दुसरी.

“ए, ती माझी ओळ आहे!” त्याच्याच खात्यातली हर्षाली किंचाळली. “सकाळपासून कंबर मोडली माझी. वेड लागलं का तुला?”

त्याने तिसरी उपटली. बायडाबाई खाली बसल्या. एकेक वीट खरवडून, बादलीत बुचकळून उन्हात मांडू लागल्या. तीन थर उतरले तेव्हा बाकीची माणसे भोवती जमून एकमेकांकडे बघत होती. बसचा ड्रायव्हर तेवढा अगदी मन लावून बघत होता.

गर्दीतून प्रतिभा मॅडम पुढे आल्या. प्रफुल्ल उभा राहिला. हात चुन्याने भाजल्यासारखे चुरचुरत होते.

“मॅडम, ही भिंत रिजेक्ट. पुढच्या शनिवारी कुणी येऊ नका. सावळीरामला बांधू द्या. आपल्यामुळे या बाईंचं घर अडलंय.”

मॅडमनी भिंतीकडे पाहिले, मांडलेल्या विटांकडे पाहिले. मग मोबाइल आडवा धरला.

“प्रफुल्ल, जरा सावकाश काढशील? क्लिप उलटी लावली की बांधल्यासारखं दिसतं.”