माशांची खालची पट्टी

वल्हं पाण्यात सोडून त्याची दांडी म्हातारी कानाला लावायची. खालच्या माशांचा आवाज लाकडातून वर यायचा आणि जाळं कुठे टाकायचं ते ती ठरवायची. होडीत कोणी नुसतं खाकरलं तरी मासे गप्प होतात, म्हणून बोलायचं नाही, हा तिचा हुकूम. म्हाताऱ्यानं तो उभा जन्म निमूट पाळला. पोटात साठलेलं सगळं घरी आल्यावर बाहेर पडायचं. त्याच्या तोंडाचा पट्टा सुटायचा आणि ती जाळं निवडत हसत ऐकायची. काय दिवस होते ते!

आता तिचे कान गेले होते. कानात घालायच्या यंत्राचं नाव काढलं की ती फणकारायची. म्हातारा ओरडून ओरडून बेजार झाला आणि शेवटी त्यानं बोलणंच सोडलं. घर त्याला खायला उठायचं.

त्यांची नात समुद्रातले आवाज टिपण्याच्या नोकरीत होती. एका दुपारी ती हेडफोन घेऊन आली. "आजीला मासे ऐकवते."

"नको गं बाई," म्हातारा घाईनं म्हणाला. "मासेही ऐकू आले नाहीत, तर हाय खाईल ती."

"आजोबा, वय झालं की वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात. नर मासे पोटातली हवेची पिशवी थरथरवून माद्यांना हाका मारतात ना, ती गुरगुर खालच्या पट्टीतली. बघू तरी."

हेडफोन चढले. म्हातारी आधी ढिम्म बसली. मग तिनं डोळे मिटले.

"आले की मेले!" ती ओरडली. "केवढा हा गलका! लग्नघर आहे नुसतं!" ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

म्हाताऱ्याला हायसं वाटलं आणि माशांचा हेवाही. त्यांचं ऐकू येतं, नवऱ्याचं नाही! आणि एकदम त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. बेंबीच्या देठापासून ओरडताना त्याचा आवाज चिरकत वरच्या पट्टीतच चढत होता.

त्यानं तिचे हेडफोन काढले, कानाशी तोंड नेलं आणि अगदी खर्जात, सावकाश म्हणाला, "अगं, तुझ्याशी बोलल्यावाचून मला फार एकटं वाटतं."

म्हातारी दचकून वळली.

"मग इतके दिवस नुसते ओरडत काय होतात?" ती म्हणाली. "असं सांगायचं ना."