हात उठायच्या आधी

चहाचा कप रीनाच्या हातात देता देता कवडूनं दुसरा हात तिच्या गळ्याकडे टाकला. रीनानं कप सोडला, चहा त्याच्या पायावर सांडला, आणि त्यानं ओरडायला तोंड उघडलं तोवर त्याचा अंगठा तिच्या मुठीत उलटा पिरगाळलेला होता.

"हाव! अस्सं!" कवडू एका पायावर नाचत म्हणाला. "सोड आता, माय. सोड ना वं!"

"मामाजी, चहा वाया गेला."

"जाऊ दे. जीव तर नाही ना गेला."

बोलून गेल्यावर तो वाकून पायावरचा चहा पुसू लागला. भिंतीला टेकून बसलेल्या मुलींनी ओढण्या सारख्या केल्या. खिडकीतला कूलर घरघरत होता.

विहाराच्या मागच्या सभागृहात कवडूचा हा वर्ग रोज संध्याकाळी भरायचा. बुटीबोरीच्या एका कारखान्यात चौकीदारांवरचा मुख्य म्हणून तो निवृत्त झाला होता, आणि आता वस्तीतल्या मुलींना मारामारीची सुरुवात शिकवायचा. फक्त सुरुवात. पुढचं सगळं, त्याच्या मते, मांजरालाही येतं. माणूस हरतो तो हात उठायच्या आधी.

पूर्वी वर्गात शिट्टी असायची. जोड्या समोरासमोर उभ्या राहायच्या, पाय रोवलेले, हात कमरेशी. कवडू शिट्टी फुंकायचा, की एकीनं धावून जायचं आणि दुसरीनं हात वर, पाय मागे, आवाज मोठा. वस्तीतल्या शामलाबाईची थोरली मुलगी मेघा सगळ्यांत चपळ. शिट्टी विरायच्या आत समोरची सतरंजीवर पडलेली असायची. मेघासमोर उभं राहायचं म्हटलं की मुलींच्या पोटात अचानक दुखायला लागायचं.

एके दिवशी कामावरून परतताना, चांगला उजेड असताना, बसथांब्याच्या पुढे मोटरसायकलवरच्या दोघांनी मेघाला अडवलं. एकानं तिच्या पर्सचा पट्टा धरला. पानठेल्यावरच्या माणसानं ते पाहिलं. तो सांगायचा, पोरगी घाबरली नव्हती. पाय रोवून उभी होती, हात कमरेशी, आणि कशाची तरी वाट पाहत होती. मग पट्टा धरलेल्यानं तिला ढकललं. रस्त्याकडेच्या सिमेंटच्या कठड्यावर तिचं डोकं आपटलं.

दवाखान्यात ती एकदाच शुद्धीवर आली. कवडू उशाशी होता. बस का आली नाही असं विचारावं, तितक्या साध्या आवाजात तिनं विचारलं, "मामाजी, शिट्टी काहून नाही वाजवली?"

त्यानंतर ती बोलली नाही.

शिट्टीचं पुढे काय झालं, याबद्दल वस्तीत दोन मतं आहेत. कोणी म्हणतं, कवडूनं ती नाग नदीत फेकली. कोणी म्हणतं, त्यानं ती गिळली, आणि झोपेत त्यानं खोल श्वास घेतला की ती आतून वाजते. त्याची बायको प्रेमिला यावर हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. ती फक्त आपलं अंथरूण पलीकडच्या खोलीत टाकते.

शिट्टी गेली तेव्हा कवडूनं टाळी वाजवून पाहिली. मुली टाळीची वाट पाहू लागल्या. मग नुसता 'हूं' म्हणून पाहिलं. त्या 'हूं'ची वाट पाहू लागल्या. शेवटी त्यानं वर्गातून सुरुवातीची खूणच काढून टाकली. चहा देताना, चपला शोधताना, परीक्षेचे मार्क विचारताना तो हात टाकायचा. मुली इतक्या तयार झाल्या की वस्तीला जगणं कठीण झालं. दूधवाला गल्लीच्या तोंडापासूनच "मी हावो, बाप्पा, दूधवाला!" असं ओरडत येऊ लागला. रीनाच्या होणाऱ्या नवऱ्यानं तिच्या वाढदिवसाला मागून येऊन डोळे झाकले. लग्नाच्या फोटोंत त्याचं मनगट अजून प्लास्टरमध्ये आहे. विहारापाशी राहणारी मांजरं कोपरा वळायच्या आधी खोकतात, असंही सांगतात. मांजराच्या खोकल्याचं ज्याचं त्यानं ठरवावं.

दीप्ती मात्र हलत नसे.

दीप्ती मेघाची धाकटी बहीण. कवडूनं तिच्यावर दाराआडून हात टाकला, ती सँडलचा पट्टा लावत असताना टाकला, ती हसत असतानाही टाकला. ती उभी राहायची. त्याचा हात तिच्या गळ्यापाशी येऊन थांबायचा, आणि तिचे डोळे उघडे असायचे. ते त्याच्याकडे नसायचे, जरा बाजूला असायचे. घरात कोणी आलंय का, हे दाराशी थांबून ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा असतो, तसा तिचा चेहरा व्हायचा.

चहा सांडला त्या संध्याकाळी, दीप्ती सोडून बाकीच्या मुली गेल्यावर शामलाबाई आली. पदरानं घाम पुसत दारातच उभी राहिली.

"भाऊ, सोमवारी हिले कामावर हजर व्हा लागते. सूतगिरणीत. तेच बुटीबोरी, तोच थांबा."

"दुसरीकडे नाही भेटलं?"

"भेटलं असतं तर मी इथं कायले आली असती? घरात बसून बसून पोरगी भिंत झाली माही. तिले जायचंच हाय. पण एक गेली त्या रस्त्यानं. तुम्ही हो म्हणान तरच पाठवीन."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर राहू दोघी भिंतीले भिंत लावून."

कवडूनं दीप्तीकडे पाहिलं. ती सतरंजी गुंडाळत होती.

"तुम्ही बाहेर बसा पायरीवर," तो शामलाबाईला म्हणाला. "पंख्याखाली बसा म्हणत नाही, पंखा बंद हाय."

"ते दिसून राहिलं," म्हणून ती बाहेर गेली.

दीप्ती सतरंजी उचलायला वाकली आणि सरळ होते न होते तोच कवडूचा हात गेला. ती थांबली. बोटं तिच्या गळ्याला लागली, तरी थांबलेलीच. कवडूनं हात काढला.

"भेव वाटते का?"

"नाही."

"हात नाही दिसत?"

"दिसते ना. तुम्ही उचलायच्या आधीच दिसते. खांदा हलते तुमचा."

"मंग काहून उभी राहते वं अशी?"

दीप्तीनं सतरंजी भिंतीशी ठेवली. तिचं टोक नीट आत दुमडलं.

"हात दिसते तवापासून तर लागेपर्यंत थोडा वेळ असते ना, मामाजी. तेवढ्या वेळात ताई असते."

कूलर आता बंद होता. तरी कवडूनं एकदा त्याच्याकडे पाहिलं.

"कुठं?"

"इथं, बाजूले. पाय रोवून. मी हात उचलला की जाते. म्हणून नाही उचलत."

"बोलते काही?"

"नाही. कान देऊन उभी राहते. कोणी आवाज देणार हाय अशी."

कवडू भिंत धरून खाली बसला. बाहेर शामलाबाई कोणाशी तरी भाजीच्या भावावरून बोलत होती. तिचं बोलणं थांबेपर्यंत तो बसून राहिला. मग गुडघ्यांवर हात टेकून उठला आणि दीप्ती उभी होती तिथं जाऊन उभा राहिला.

"तिकडे हो. माझ्या जागेवर. आता तू मार."

"तुम्हाले?"

"मले. केव्हा मारशील ते सांगू नको."

"लागंन ना."

"लागू दे."

दीप्तीनं केस मागे बांधले. ओढणी खांद्यावरून काढून कमरेला गुंडाळली. "बरं, आईले मंग काय सांगाचं, मामाजी, सोमवारी मी..." असं ती म्हणाली, आणि बोलणं अर्ध्यावर असतानाच तिचा तळहात त्याच्या हनुवटीवर बसला.

कवडू दोन पावलं मागे गेला. ओठ दातात सापडून फुटला होता. त्याचे हात मांड्यांपाशीच होते. तो दीप्तीकडे पाहत नव्हता.

"दिसली?" तिनं हळूच विचारलं.

त्यानं खिशातून रुमाल काढला, ओठाला लावला, रक्त पाहिलं, घडी बदलून पुन्हा लावला.

"सोमवारी जा तू," तो म्हणाला. "तिकडे कोणाचा खांदा हलला की आपला हात उचल. पाहत नको राहू. आयकलं? तिच्यापाशी मी राहतो."

दीप्तीनं मान हलवली. मग तोंड भिंतीकडे करून ती बराच वेळ ओढणी सोडत बसली. गाठ साधीच होती.

पायरीवर शामलाबाईनं रुमाल पाहिला.

"माय माय! हे काय, भाऊ?"

"तुमच्या पोरीनं मारलं."

"तुम्हाले?"

"मले. पाठवा तिले."

दीप्ती सोमवारी गेली. पहिल्याच आठवड्यात, थांबा आला म्हणून बसच्या वाहकानं तिला खांद्याला हात लावून उठवलं. तेव्हापासून तो पुढच्या दारात उभा राहून तिला नाव घेऊन हाक मारतो, आणि हाक मारताना तिकीट मशीन छातीशी धरतो.

वर्ग चालू आहे. फक्त कवडू आता हात टाकत नाही. तो मुलींच्या रांगेत उभा राहतो आणि एकेकीला आपल्यावर सोडतो. वस्तीतले लोक म्हणतात, म्हातारा झाला, हात उठत नाही त्याचा. प्रेमिला रोज हळद गरम करून ठेवते आणि म्हणते, या वयात मार खायचा शौक कोणाला असतो काय.

काल रीनानं त्याला सतरंजीवर पाडलं, आणि हात देऊन उठवताना ती चिडली.

"मामाजी, तुम्ही पाहून तर राहता. मंग हात काहून नाही उचलत?"

"अजून एकदा," कवडू म्हणाला.

रीनानं नकारार्थी मान हलवली आणि मागे सरकली. मग बोलता बोलता तिचा खांदा हलला. कवडू किंचित डावीकडे सरला, शेजारी कोणाला उभं राहायला जागा करून द्यावी तसा, आणि तिथंच थांबला.