ट्रकखालची जमीन

लढाई थांबली, पण गावाने ते फारसं मनावर घेतलं नाही. याआधीही ती थांबली होती आणि पुन्हा सुरू झाली होती. त्यामुळे लोक मुळे लावत, पालक लावत, झटपट उपटून खाता येईल असं काहीही लावत. पडलेल्या भिंतींच्या जागी पत्रे ठोकत. वीटवाल्याने धंदा बंद केला होता आणि तो आता पत्रे विकत होता.

नर्सरीवालीकडे अक्रोडाची रोपं पडून होती.

"चांगल्या जातीचं आहे," ती गिऱ्हाइकाला सांगे.

"फळ कधी धरेल?"

"दहा-बारा वर्षांनी."

तिने चंद्रावरचा प्लॉट दाखवावा तसं गिऱ्हाईक तिच्याकडे बघे आणि मुळ्याचं बी घेऊन निघून जाई.

तिची खरी जमीन ओढ्याकाठी होती, विहिरीसकट. लढाईत तिचा नवरा पीठ आणायला गेला आणि गोळीबारात सापडला. गोळी आपली होती, असं दोन्ही बाजूंनी कधीच मान्य केलं नाही. त्यानंतर लगेचच त्या जमिनीवर भाऊंचे ट्रक येऊन उभे राहिले. भाऊ तसे कोणाचेच भाऊ नव्हते. लढाईत त्यांनी आपल्या माणसांना घेऊन पूल राखला होता, आणि नंतर पुलासकट बाकीचंही बरंच काही राखून ठेवलं होतं. नर्सरीवाली आता घरामागच्या बोळात डबे-कुंड्या मांडून रोपं वाढवत होती.

"सोड त्या जमिनीचा नाद," सासू म्हणे. "जीव वाचलाय, ते काय कमी आहे?"

अशात न्यायाधीशबाई गावात आल्या. कोर्टाची इमारत जळाली होती, म्हणून बंद पडलेल्या सिनेमा थिएटरात कोर्ट भरू लागलं. भरू लागलं म्हणजे पडद्याखाली टेबल टाकून बाई बसू लागल्या. शिपाई गुडघ्याने अधू होता. तो दाराशी येऊन "कोणाची काही तक्रार आहे का?" असं ओरडे, आणि रस्त्यावरचे लोक समोरच्या फुटपाथवर जात. बाई वेळेवर येत, वेळेवर उठत. मधल्या वेळात स्वेटर विणत.

नर्सरीवाली तिथे गेली ती दोन कुंड्या पोचवायला. दारात जरा हिरवं असावं, असं शिपायाच्या मनात आलं होतं.

"याला पाणी किती घालायचं?" बाईंनी विचारलं.

"माती सुकली की."

"आणि तुमची काही तक्रार?"

"छे, नाही." तिने कुंडी टेकवली, हात झटकले, दारापर्यंत गेली आणि परत आली. "आहे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून सासूने अबोला धरला. तिचा अबोला म्हणजे तेवढा एक विषय सोडून बाकी सगळ्यावर बोलणं.

सुनावणीला सिनेमाला कधी नव्हती एवढी गर्दी झाली. बाल्कनी खचाखच. भाऊ आले ते बंदूकवाली माणसं घेऊनच. तिकीटखिडकीत शिपाई बसला होता. "हत्यारं इथे जमा करायची," तो म्हणाला. "बिल्ला मिळेल. जाताना बिल्ला दाखवला की हत्यार परत." माणसांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी बाल्कनीकडे पाहिलं आणि मोठ्या मनाने मान हलवली.

"ती ओढ्याकाठची जमीन तुमची आहे?" बाईंनी विचारलं.

"मॅडम, हे गाव मी राखलंय."

"लिहून घेतलं. जमीन तुमची आहे?"

"मी नसतो तर या वहिनी आज इथे उभ्या नसत्या."

"तेही लिहून घेतलं. जमीन?"

भाऊंनी सदरा सारखा केला. "ट्रक माझे आहेत."

"ट्रकांबद्दल वाद नाही."

बाल्कनीत कोणीतरी हसलं आणि लगेच खोकला आल्यासारखं केलं.

निकाल थोडक्यात होता. ट्रक हलवावेत, जमीन परत द्यावी, विहिरीत उतरलेलं डिझेल उपसून द्यावं. आग लागल्यासारखी बाल्कनी रिकामी झाली. दुकानांची शटरं धडाधड खाली आली. आता काहीतरी होणार म्हणून गाव घरात दडून बसलं.

काहीच झालं नाही. ट्रकही हलले नाहीत. शिपाई लंगडत हुकूम देऊन आला. भाऊंच्या माणसाने तो घेतला, शिपायाला पाणी विचारलं आणि दार लावून घेतलं.

नर्सरीवाली तणतणत कोर्टात गेली. "मॅडम, ट्रक तिथेच आहेत."

"माहीत आहे."

"मग तुम्ही काय करणार?"

बाईंनी विणकाम बाजूला ठेवलं. "माझ्याकडे एक शिपाई आहे. त्याचा गुडघा दुखतो."

"म्हणजे काहीच नाही करणार."

"म्हणजे मी उद्याही इथे येणार."

नर्सरीवाली घरी आली आणि कुंड्यांमध्ये बसून राहिली. राग कोणावर काढावा तेही तिला कळेना. गावासमोर तोंड उघडलं, भाऊंशी वैर घेतलं, आणि पदरात काय? सासूचं ऐकलं असतं तर निदान जेवण तरी घशाखाली उतरलं असतं.

पुढचं शिपायाने सांगितलं, कारण तो खिडकीत बिल्ले लावत बसला होता. बाईंची जेवणाची वेळ होती, आणि त्या खिडकीशेजारीच डबा उघडून बसल्या होत्या. भाऊ एकटेच आले. जवळ हत्यार नव्हतं, तरी सवयीने खिडकीशी थांबले.

"घर पोरीच्या नावावर करायचंय," ते बाईंना म्हणाले.

"करू."

"माझ्यानंतर ते कोणी बळकावणार तर नाही ना?"

"कोण बळकावेल?"

भाऊंनी वळून दाराकडे पाहिलं. त्यांचा उजवा हात समजला जाणारा माणूस हल्ली त्यांच्याआधी जेवायला बसू लागला होता.

"समजा, कोणी बळकावलं," बाई म्हणाल्या. "तुमची मुलगी माझ्याकडे येईल. मी हुकूम काढेन. शिपाई तो त्या माणसाला नेऊन देईल."

"मग तो काय करेल?"

"ते मी कसं सांगू? हुकूम मिळाल्यावर तुम्ही काय केलंत?"

भाऊ बसले. पाणी मागितलं, प्याले. बाईंनी आपली पोळी संपवली.

"नुसते ट्रक हलवले तर?" भाऊंनी विचारलं.

"विहीरसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक निघाले. एक काही केल्या सुरू होईना आणि मऊ मातीत रुतत चालला. भाऊंची माणसं ढकलत होती. नर्सरीवाली थोडा वेळ हाताची घडी घालून बघत राहिली. मग मातीचं वाटोळं होतंय हे तिला बघवेना, आणि तिनेही खांदा लावला.

विहीर उपसून झाल्यावर भाऊंनी स्वतः बादली हुंगली. "आता झालं, वहिनी."

"मग प्या की."

भाऊंनी बादली खाली ठेवली. विहीर पुन्हा उपसायला घेतली. वास तरीही वर्षभर पुरता गेला नाही.

तिने अक्रोड लावले. जिथे ट्रक उभे असत तिथली रोपं जळाली. ती उपटताना तिला रडू आवरेना. हे सगळं करून शेवटी मातीच मेलेली निघाली, याचंच तिला जास्त लागलं. सासू बांधावरून बघत होती. ती आत गेली आणि फावडं घेऊन आली. "इथली माती काढून दुसरी भरावी लागेल," ती म्हणाली. अबोला संपला होता. "पण अक्रोड खाण्यात मला धरू नकोस. मला दात नाहीत."

माती बदलायला पुढचा सगळा हंगाम गेला. तोवर औषधवाल्याने एक रोप नेलं, मग शाळेच्या मास्तरीणबाईंनी दोन. वीटवाल्याने भट्टी पेटवली. कोर्टात रांग लागू लागली. गटाराचं पाणी, शेळीने खाल्लेला कोबी, भिंतीची वीटभर जागा. बाईंचा स्वेटर अर्धवट राहिला.

एके दिवशी शिंपी आला. लढाईत तो आणि त्याचा शेजारी खाटीक एकमेकांच्या घरावर गोळ्या झाडत. आता त्याची तक्रार होती, की खाटकाने हद्दीला लागून अक्रोड लावलाय आणि त्याची सावली आपल्या खिडकीवर येते. खिडकीशी त्याची शिलाई मशीन होती.

"झाड केवढं आहे?" बाईंनी विचारलं.

शिंप्याने गुडघ्याला हात लावून दाखवला.

"मग सावली कुठली?"

"आत्ता नाही, मॅडम. पंधरा वर्षांनी पडेल ना!"

"पंधरा वर्षं तुम्ही इथेच राहणार?"

"म्हणजे काय? मशीन इथे आहे, मी कुठे जाणार?"

खाटीकही तावातावाने उठला. पंधरा वर्षांनी आपण त्या सावलीत खुर्ची टाकून बसणार आहोत, त्यामुळे झाड तसूभरही हलणार नाही, असं त्याने सांगितलं.

बाई आळीपाळीने दोघांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी दावा दाखल करून घेतला, आणि अक्रोडाचा पसारा किती होतो ते विचारायला नर्सरीवालीला साक्षीला बोलावणं पाठवलं.