बागेच्या फोटोतले भिमाजी

मी एक फोटो बोलतोय. फोटो म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे भिंत येत असेल, नाहीतर जाड पानांचा अल्बम. माझ्या वाट्याला कागद कधी आलाच नाही. मी कॉम्प्युटरमधली एक फाइल आहे. माझ्या प्रकाराला वेबपी म्हणतात. वेबसाइटवर पटकन दिसावं म्हणून आम्हाला जन्मतःच हलकं आणि सडपातळ करतात.

माझा जन्म लोणावळ्याचा. तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या मालकानं पाहुण्यांना खोल्या भाड्यानं द्यायचं ठरवलं आणि वेबसाइट बनवायला पुण्याहून समीक्षा नावाच्या मुलीला बोलावलं. तिनं दिवसभर हिंडून पलंग, पडदे, पोहायचा तलाव यांचे फोटो काढले. शेवटी राहिली बाग. तिथं एक म्हातारा माळी झाडांना पाणी घालत होता. "काका, जरा बाजूला होता का?" असं तिनं विचारलं. त्यानं मान वर केली, टोपी मागे सरकली, ऊन थेट तोंडावर आलं, आणि तेवढ्यात तिच्याकडून बटण दाबलं गेलं.

तो फोटो म्हणजे माझी आई. चांगली भारदस्त जेपीजी, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडणारी. समीक्षानं तिच्यावरून मला बनवलं आणि वेबसाइटवर चढवलं. मग कॅमेऱ्याचं कार्ड पुसून ती दुसऱ्या कामाला लागली. आई गेली. मी तेवढा उरलो.

वेबसाइटवर माझं बरं चाललं होतं. मुंबई-पुण्याची माणसं मला बघायची. बघायची म्हणजे काय, बोटानं सरकवायची. त्यांना तलाव किती मोठा आहे आणि रात्रीचं भाडं किती, एवढंच हवं असायचं. बागेपाशी कुणी थांबलंच, तर "बोगनवेल छान आहे गं" म्हणायचं आणि पुढं जायचं. वेलीशेजारचा माणूस कोण, हे कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही त्यांचं नाव माहीत नव्हतं.

ते कळलं वडगाव मावळला. तहसील कचेरीजवळच्या गल्लीत गोरखभाऊचा फोटो स्टुडिओ आहे. कोर्टकचेरीला येणाऱ्यांचे पासपोर्ट फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फ्लेक्स अशी त्याची कामं. एका दुपारी त्याच्या कॉम्प्युटरवर कुणीतरी बंगल्याची वेबसाइट उघडली आणि मला नेहमीसारखं सरकवून दिलं नाही. एक बोट माझ्यातल्या माणसावर येऊन थांबलं.

"हे बघा भाऊ. हेच माझे अप्पा."

ती प्रेरणा. वडगावातल्या एका दवाखान्यात नर्स. अप्पा म्हणजे भिमाजी. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्यांनी हमालीत उमेदीची वर्षं घालवली आणि रिटायर झाल्यावर लोणावळ्यात माळीकाम धरलं. अलीकडे त्यांना विसर पडू लागला होता. आधी नावं गेली, मग वार गेले. माळीकाम सुटलं. दर सकाळी उठून ते धोंडाबाईला, म्हणजे आपल्या बायकोला, विचारायचे, "डबा भरला का? ड्युटीला उशीर हुतोय." एका सकाळी धोंडाबाई पाणी भरायला गेली आणि ते खरंच ड्युटीला निघून गेले. घरच्यांनी आधी देहूरोडचा डेपो गाठला. तिथं ते नव्हते. पोलिसांत तक्रार दिली, नातेवाइकांकडे चौकशी केली. कुठंच पत्ता नव्हता.

"पोस्टर छापायचंय," प्रेरणा म्हणाली. "पण फोटोच नाही. कॅमेरा दिसला की तोंड फिरवायचे. मला कशाला काढताय म्हणायचे. आधारवरचा फोटो लय जुना, त्यात भरघोस मिशा आहेत. आता मिशा नाहीत, दात नाहीत, गाल बसलेत. लोक दुसऱ्याच माणसाला शोधतील."

"हा चांगला आलाय की," गोरखभाऊ म्हणाला. त्यानं मला वेबसाइटवरून उतरवून घेतलं.

इथून माझी कैद सुरू झाली. वेबसाइटवर मी चारचौघांत होतो. इथं डाउनलोडच्या फोल्डरमध्ये लग्नपत्रिका, सातबाऱ्याचे स्कॅन आणि कुणाकुणाच्या सह्या यांच्या ढिगात येऊन पडलो. ते सगळे पटापट उघडायचे. मला गोरखभाऊनं उचलून फोटोशॉपमध्ये टाकलं, तर पडद्यावर पाटी आली की ही फाइल उघडता येत नाही.

"वेबपी? ही कसली भानगड?" तो पुटपुटला. "माझं सॉफ्टवेअर जुनं आहे. त्याला हे नवीन कळत नाही."

मग त्यानं माझ्या नावापुढचं 'वेबपी' हे शेपूट खोडलं आणि तिथं जेपीजी लिहिलं. क्षणभर मला वाटलं, आईचं नाव लागलं, आता दार उघडेल. फोटोशॉपनं आत डोकावून पाहिलं आणि मला परत ढकलून दिलं. नाव बदलल्यानं अंग थोडंच बदलतं!

तेवढ्यात कोर्टातून माणसं आली. कुणाला जामिनाच्या कागदांसाठी फोटो हवे होते, कुणाला आधीच उशीर झाला होता. गोरखभाऊची धांदल उडाली. त्यानं मला ब्राउझरमध्ये उघडलं, कारण तिथं मी दिसतो, आणि दिसला तसा पडद्याचा फोटो घेतला. अख्खी बाग त्या पडद्यावर मावलेली. त्यात भिमाजींचा चेहरा तो केवढा असणार? तेवढाच तुकडा कापून त्यानं ताणून मोठा केला. चेहऱ्याचे चौकोन चौकोन झाले.

"डोळे कुठंयत यात?" प्रेरणानं विचारलं.

"छापल्यावर दिसतील. पडद्यावर तसंच वाटतं."

मी आत ओरडत होतो. अहो, तो मी नाही! डोळे माझ्याकडे आहेत! पण बंद फाइलचं कोण ऐकतं? पोस्टरं छापून झाली आणि प्रेरणा ती छातीशी धरून गेली.

पुढं बरेच दिवस कुणी मला शिवलं नाही. फोल्डरमध्ये ना दिवस कळतो ना रात्र. माझ्यात एका माणसाचा सगळा चेहरा होता. कपाळावरच्या आठ्या, डाव्या डोळ्याखालचा मस, हनुवटीवर चुकून राहिलेले पांढरे केस. बाहेर त्याची माणसं त्याच चेहऱ्यासाठी वणवण करत होती, आणि मी एका जुन्या प्रोग्रामच्या दाराशी अडून बसलो होतो.

प्रेरणा परत आली तेव्हा तिच्या हातात तेच पोस्टर होतं, चुरगळलेलं.

"कामशेतवरून फोन आला होता," ती म्हणाली. "आईला घेऊन पळत गेले. देवळाच्या ओट्यावर एक बाबा बसलेले. दुसरेच कुणीतरी. आई तिथंच मटकन खाली बसली. भाऊ, त्या लोकांची काही चूक नाही. या कागदावर माझे अप्पा नाहीतच. हा कुणीही म्हातारा आहे."

गोरखभाऊनं ती वेबसाइट पुन्हा उघडून दिली. प्रेरणानं वेबसाइटच्या तळाशी असलेल्या नंबरवर फोन लावला. तो समीक्षाचा निघाला.

"मूळ फोटो आता नाही हो ताई माझ्याकडे," समीक्षाचा आवाज आला. मागे गाडीचा घरघराट होता. "आणि मी गावी चाललेय, लॅपटॉप घरीच आहे. पण ती फाइल चांगली आहे, मोठी ठेवली होती मी. पडद्याचा फोटो काढू नका, फाइलच उघडा. जुन्या फोटोशॉपसाठी एक छोटं प्लग-इन मिळतं, फुकट. ते त्याच्या फोल्डरमध्ये टाकलं की वेबपी उघडते. मी लिंक पाठवते."

गोरखभाऊनं मान हलवली. "मी या मशीनमध्ये काही टाकत नाही. मागं एकदा टाकलं होतं तर सगळंच बसलं. लग्नसराई तोंडावर आहे. तीन कार्यांचे अल्बम यात आहेत. ते गेले तर लोक मला दारात तरी उभं करतील का?"

"भाऊ, मशीन बंद पडलं तर दुरुस्त तरी होतं," प्रेरणा म्हणाली.

गोरखभाऊ बराच वेळ की-बोर्डवरची धूळ झटकत बसला. मग एकदम उठून त्यानं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, म्हणजे कुणी आत येऊ नये. अल्बम पेन ड्राइव्हवर काढून ठेवले. समीक्षाची लिंक उघडली, ते प्लग-इन उतरवून घेतलं, सांगितलं होतं तिथं नेऊन टाकलं आणि मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

पडदा काळा झाला. काळाच राहिला.

"गेलं वाटतं," गोरखभाऊ हळूच म्हणाला. आतमध्ये माझाही जीव टांगणीला लागला होता. मशीन संपलं तर त्याच्या पोटातला मीही संपणार होतो. मग पंखा घुरघुरला, पडद्यावर अक्षरं सरकू लागली. गोरखभाऊनं माझं खोडलेलं शेपूट परत जोडलं, मला उचललं आणि फोटोशॉपमध्ये सोडलं.

मी उघडलो.

कसं सांगू तुम्हाला! कोंदट खोलीत कोंडलेल्या माणसाला कुणी अंगणात आणून उभं करावं, तसं झालं. गोरखभाऊनं मला मोठं केलं, आणखी मोठं केलं. चौकोन झाले नाहीत. भिमाजी सरळ प्रेरणाकडे बघत होते. ती तोंडावर पदर धरावा तशी ओढणी धरून उभी होती.

त्यानं कपाळावर उरलेली टोपीची सावली थोडी उजळली. मग हाताची सवय म्हणून ब्रश घेऊन डोळ्याखालचा मस पुसायला निघाला. रोज तो हेच करतो. येईल त्याला गोरा करायचा, डाग घालवायचे, सुरकुत्या गुळगुळीत करायच्या. लोकांना तेच हवं असतं. प्रेरणानं त्याचा हात धरला.

"राहू द्या भाऊ. काहीच पुसू नका. मस पण, आठ्या पण. शोधणाऱ्याला ते आहेत तसे दिसले पाहिजेत."

गोरखभाऊनं ब्रश ठेवला. चेहरा कापून त्याची जेपीजी प्रत केली, खाली फोन नंबर टाकला आणि छपाईला लावली. प्रत बाहेर गेली. मला त्यानं बंद केलं आणि मी पुन्हा ढिगात पडलो. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. दार माझ्यासाठी उघडलं होतं, पण बाहेर गेली ती माझी प्रत.

त्यानंतरचं मला थेट ऐकायला मिळालं, कारण ती सगळी मंडळीच एक दिवस स्टुडिओत आली. धोंडाबाई बोलायला लागली ती थांबेचना.

"तिकडं नवलाख उंबरे गावाला घावले वं! लोकलमदनं तळेगावलाच उतारले आन् कामगारांच्या टेंपोत बसून गेलं. तितं लाइनीनं कंपन्यांची गेटं. ह्यांला वाटलं डेपोच हाय. रोज सकाळी पाळीवाल्यांच्या रांगंत हुबं ऱ्हायाचं. वाचमन कार्ड मागायचा, तर म्हनायचं, कार्ड घरी ऱ्हायलं, उद्या आनतो. दुसऱ्या दिशी पुन्ना रांगंत."

गेटाबाहेर कस्तुराबाईची चहाची टपरी होती. परत पाठवलेल्या भिमाजींना ती चहा द्यायची, भाकरी द्यायची, टपरीमागं झोपायला पोतं अंथरून द्यायची. नाव विचारलं तर ते "भिमाजी" एवढं सांगायचे, गाव मात्र त्यांना आठवायचं नाही. एका कामगारानं टपरीच्या पत्र्यावर नवीन पोस्टर चिकटवलं. कस्तुराबाईनं पोस्टरकडे पाहिलं, मग बाकावर बशीत फुंकर घालत बसलेल्या माणसाकडे पाहिलं, आणि मसावर बोट ठेवून नंबर फिरवला.

"मला म्हनली," धोंडाबाई डोळे पुसत म्हणाली, "बाई, तुजा मालक हितं हाय. च्या पितुया. ये सावकास, मी सोडत न्हाई त्यांला."

त्या दिवशी ते आले होते गळ्यात घालायच्या कार्डासाठी फोटो काढायला. मागं नाव, पत्ता, फोन. भिमाजी स्टुलावर बसले आणि या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. काढू दिला. गोरखभाऊला काय वाटलं कोण जाणे, त्यानं मला उघडून त्यांच्यापुढे धरलं.

भिमाजींनी चष्मा नीट केला. "बोगनवेल लय वाडलीया," ते म्हणाले. "छाटाया पायजे."

"आन् शेजारी ह्यो मानूस कोन?" धोंडाबाईनं विचारलं.

ते पडद्याच्या अगदी जवळ वाकले.

"आसंल माळी."

प्रेरणानं मान दुसरीकडे वळवली. धोंडाबाई मात्र त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "व्हय. लय चांगला माळी हाय."

मंडळी, यापुढं सांगण्यासारखं थोडंच आहे. बंगल्याच्या मालकानं वेबसाइट नवी केली, बागेत लॉन आणि झोपाळा आला. तिथून मला काढून टाकलं. प्रेरणाकडे चेहऱ्याची जेपीजी आहे आणि हल्ली तिच्या फोनमध्ये अप्पांचे ढीगभर फोटो आहेत. बागेसकट सगळा मी मात्र या एकाच मशीनमध्ये आहे. आज गोरखभाऊनं नवीन कॉम्प्युटरची खोकी फोडलीत. अल्बम, फ्लेक्स, पत्रिका तिकडं चालल्यात. डाउनलोडचं फोल्डर कोण हलवतो? दुकानात येणाऱ्याला तो सांगतोय, जुनं सगळं उडवून टाकणार.

जाता जाता एक मागणं. तुमच्याही घरात कुणी असेल, कॅमेरा दिसला की "मला कशाला" म्हणून तोंड फिरवणारं. त्यांचं ऐकू नका. रुसले तरी चालेल. एक फोटो काढा, समोरून, उजेडात, आहेत तसा. आणि तो कशातही उघडेल असा ठेवा.

गोरखभाऊ खुर्ची ओढून बसला. हात माउसवर आलाय. निघताना 'जातो' म्हणू नये, अशी आपल्याकडची रीत.

येतो मंडळी.