बावीस इंची झोका

"चार इंच जास्त आहे," ओव्हरसीअर म्हणाले आणि त्यांनी बोट उचललं. टेप सळसळत परत आपल्या डबीत शिरली.

उद्यान खात्यात त्यांना सगळे टेपसाहेब म्हणायचे. पट्ट्याला टेप लटकवल्याशिवाय ते घराबाहेर पडत नसत. बायको बाळंत झाली तेव्हा नर्सनं बाहेर येऊन बाळाचं वजन सांगितलं, तर यांनी आधी लांबी विचारली, असं वर्कशॉपमध्ये छातीठोकपणे सांगितलं जायचं.

"मिस्त्री, मी काय म्हणतोय? आतून सव्वीस भरतंय. मंजूर नकाशात बावीस आहे."

मिस्त्री हात पुसत उभे होते. हात स्वच्छ होते, तरी पुसत होते. समोर व्हीलचेअरसकट बसायचा झोका उभा होता. खाली चेकर प्लेटच्या खडबडीत पत्र्याचा पाळणा, दोन्ही बाजूंना पाइप, मागे खुर्ची चढवायला पाडता येणारी फळी, आणि ती वर उचलली की चाकं अडकवून धरणारा खटका. गंजरोधक रेड ऑक्साइड रंगाचा एक हात मारून झाला होता.

"साहेब, चार इंच मोठा असला तर बिघडतं काय? लहान खुर्चीही जाईल, मोठीही जाईल."

"बिघडतं काय? अहो, तपासणीत नापास होईल! परिशिष्ट ब पाहा."

टेपसाहेबांनी फाइल उघडली. परिशिष्ट ब म्हणजे एक दोरी होती. सुतळीचा तुकडा, एका टोकाला एक गाठ, दुसऱ्या टोकाला दुसरी. कागदावर चिकटवलेली, दोन्ही गाठींवर लाखेचं सील, आणि खाली तीन अधिकाऱ्यांच्या सह्या. दोरी खरी असल्याबद्दल.

ती दोरी मिस्त्रींचीच होती.

सहा वर्षांपूर्वी मोठ्या साहेबांनी मीटिंगमध्ये विचारलं होतं, "व्हीलचेअर साधारण केवढी असते हो?" टेबलाभोवती अकरा माणसं होती. कुणी हात पसरून दाखवले, कुणी म्हणालं मोटरसायकलएवढी. दाराशी पंखा दुरुस्त करणारे मिस्त्री स्टुलावरून म्हणाले, "साहेब, माझ्या मुलीची आहे. माप आणतो." आणि जेवणाच्या सुट्टीत ते सायकलवरून घरी जाऊन आले. टेपवर त्यांचा कधी विश्वास नव्हता. दोरी ताणायची, गाठ मारायची, खिशात घालायची, ही त्यांची वर्षानुवर्षांची पद्धत. आकडा डोक्यातून जातो, गाठ खिशातून जात नाही.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. खुर्ची चाकापासून चाकापर्यंत एकवीस इंच. अर्धा इंच इकडे, अर्धा तिकडे, म्हणून झोका बावीस.

मग फाइल निघाली. ती तीन टेबलांवर नीट फिरली आणि चौथ्या टेबलावर नाही, टेबलाखाली गेली. त्या टेबलाचा एक पाय आखूड होता. तिथल्या हेडक्लार्कनं हाताला लागली ती जाडसर फाइल घडी करून खाली सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं, झोकाही थांबला. साडेचार वर्षांनी हेडक्लार्क निवृत्त झाले, नव्या माणसानं नवं टेबल मागवलं, आणि जुनं उचलल्यावर खाली मिस्त्रींची दोरी सापडली. सीलला तडासुद्धा गेला नव्हता.

पोरगी मात्र बारा वर्षांची झाली होती. नवी खुर्ची पंचवीस इंच होती.

"साहेब," मिस्त्री म्हणाले, "माप बदललंय. ज्या मुलीचं माप होतं, ती वाढली."

"मुली वाढतात हो. नकाशा वाढतो का?" टेपसाहेब काही दुष्ट नव्हते. ते समजावून सांगत होते. "बदल हवा असेल तर नवा प्रस्ताव घाला. नवी दोरी जोडा."

"किती दिवस लागतील?"

"मागच्याला किती लागले?"

"सहा वर्षं."

"मग हिशेब करा. तेव्हा ती अठराची होईल. आणि बालोद्यानाच्या पाटीवर काय लिहिलंय? चौदा वर्षांखालील." त्यांनी फाइल बंद केली. "शनिवारी उद्घाटन आहे. चार इंच कापा. आणि मुलीला घेऊन या. ती लाभार्थी क्रमांक एक आहे. फाइलमध्ये लिहिलंय."

"पण ती बसणार कशी?"

टेपसाहेबांनी क्षणभर विचार केला. "जुनी खुर्ची आहे ना घरी? दहा मिनिटं तिच्यात बसवा. फोटोपुरतं."

मिस्त्रींनी ग्राइंडर चालू केला. कापताना ठिणग्या उडतात, त्या बघायला एरवी त्यांना आवडायचं. आज ते फक्त रेघेकडे बघत होते. कापून झाल्यावर दोन्ही तुकडे त्यांनी भंगाराच्या डब्यात टाकले, मग परत काढले, आणि मग परत टाकले.

*

ही मुलगी घरात बाईसाहेब म्हणून ओळखली जायची, कारण ती खुर्चीत बसून सगळ्यांना हुकूम सोडायची. लहानपणी मिस्त्री तिला रोज संध्याकाळी बागेत न्यायचे. तिथे झोके दोनच आणि पोरं चाळीस, म्हणून पोरांनी कायदा केला होता: शंभर मोजेपर्यंत एकाचा नंबर. पण मोजणार कोण? प्रत्येक जण आपल्या दोस्ताचे शंभर दीडशेला संपवायचा. मग बाईसाहेबांची नेमणूक झाली. त्यांना झोक्यावर बसायचंच नव्हतं, तर लबाडी कशाला करतील? ती खुर्चीत ताठ बसून मोजायची, ना भरभर ना सावकाश, आणि मग ओरडायची, "शंभर झाले. उतर!" दांडगटातला दांडगट पोरगाही उतरायचा.

एकदा घरी येताना तिनं विचारलं होतं, "बाबा, माझा नंबर कधी?"

"मी बनवतोय ना. तुझ्यासाठी वेगळा बनवतोय. पहिला नंबर तुझा."

ते सहा वर्षांपूर्वी. फाइल टेबलाखाली जायच्या आदल्या महिन्यात.

त्या दिवशी मिस्त्री घरी आले तेव्हा ती गृहपाठ करत होती. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"झाला का तयार?" बाईसाहेबांनी मान वर न करता विचारलं.

"झाला."

"मग चेहरा का असा? रंग कमी पडला का?"

मिस्त्रींनी बूट काढले, जोडीनं नीट लावले, परत उचलून दुसरीकडे लावले.

"अहो, सांगा की," बायको म्हणाली. "बूट नंतर लावा."

"बावीसचा आहे," मिस्त्री म्हणाले. "सव्वीसचा केला होता. कापायला लावला."

पोरीनं पेन्सिल खाली ठेवली. आपल्या चाकाकडे पाहिलं, मग दुसऱ्या चाकाकडे. "पंचवीस," ती म्हणाली.

"जुन्या खुर्चीत बसवा म्हणतायत. दहा मिनिटं."

"कोण म्हणतंय?" बायको ताडकन म्हणाली. "त्याला म्हणावं, तुझ्या मुंजीतली... तुझ्या शाळेतली चड्डी घालून ये आधी ऑफिसात."

तरी खुर्ची माळ्यावरून काढली. तिच्यात जुने स्वेटर आणि फुटका टेबलफॅन होता. मिस्त्रींनी ती पुसली, चाकात तेल सोडलं. दोघांनी उचलून बाईसाहेबांना तिच्यात ठेवलं. ती अर्ध्यात अडकली. कंबर खुर्चीच्या हातांच्या मध्ये, गुडघे हनुवटीशी.

"आई गं, मी बशीत हत्ती!" ती म्हणाली, आणि बायकोला हसू फुटलं. मग मिस्त्रींनाही. तिघंही खूप हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग हळूहळू एकेक जण थांबला आणि कुणालाच कुणाकडे बघता येईना.

"काढा मला," बाईसाहेब म्हणाल्या. "पाय दुखतायत."

नवीन खुर्चीत बसल्यावर तिनं पेन्सिल उचलली. "होईल की कुणाला तरी उपयोग. लहान असेल त्याला."

"हो," मिस्त्री म्हणाले.

"मी येणार शनिवारी. लाभार्थी आहे ना मी."

*

शनिवारी सकाळी बागेत लाल फीत लावली होती. झोका पिवळाजर्द रंगवला होता आणि त्याच्या बाजूला पाटी होती: "फक्त दिव्यांग मुलांसाठी. इतर कोणी बसल्यास दंड होईल." इतर कोणी बसू नये म्हणून वॉचमन पहाटेपासून त्या झोक्यातच बसून राखण करत होता. मोठे साहेब आल्यावर तो उतरला.

उद्यान समितीचे अध्यक्ष उत्साही गृहस्थ होते. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी बाईसाहेबांच्या खुर्चीच्या मुठी धरल्या.

"चल बेटा! पहिला झोका तुझा!"

"काका, थांबा, ते—"

काका थांबले नाहीत. पुढची छोटी चाकं सरळ आत गेली. मोठी चाकं दोन्ही पाइपांमध्ये कचकन् अडकली. अध्यक्षांना वाटलं, जोर कमी पडला. त्यांनी खांदा लावला.

"काका, मागे ओढा. पुढे नाही."

"घाबरू नकोस बेटा! जाणार, जाणार!"

टेपसाहेब धावत आले. वाकून त्यांनी टेप लावली. "बावीस, साहेब. अगदी बरोबर आहे."

"मग ही आत का जात नाही?"

"खुर्ची पंचवीस आहे, साहेब."

अध्यक्षांनी घाम पुसला. "म्हणजे खुर्ची चुकीची आहे!"

"होय, साहेब."

मोठ्या साहेबांनी ते वहीत टिपून घेतलं.

मिस्त्रींनी पाइपाला तेल लावून खुर्ची मागे ओढून काढली. नव्या रंगावर दोन्हीकडे काळे ओरखडे उठले. बाईसाहेबांनी चाकावरचा पिवळा रंग नखानं खरवडून काढला.

आता फोटोचं काय? फोटोग्राफर घड्याळ बघायला लागला. तेव्हा टेपसाहेबांचं लक्ष मिस्त्रींच्या बायकोच्या बाजूला ठेवलेल्या जुन्या खुर्चीकडे गेलं. माप सिद्ध करायला लागेल म्हणून त्यांनीच ती आणायला सांगितली होती.

"साहेब, मंजूर मापाची खुर्ची इथे आहे. पण मुलगी तिच्यात मावत नाही."

"मग मी बसतो!" अध्यक्ष म्हणाले. "काय बिघडलं? आपणही मुलांसारखंच असलं पाहिजे."

ते बसले, म्हणजे लोकांनी त्यांना बसवलं. दोघांनी खांदे दाबले. खुर्ची अलगद आत गेली, अर्धा इंच इकडे, अर्धा तिकडे. खटका टक्कन् लागला. झोका हलला. अध्यक्षांनी हात हलवला, फोटो निघाला. सगळं नकाशाप्रमाणे झालं.

मग अध्यक्ष उठले, आणि त्यांच्याबरोबर खुर्चीही उठली.

ते वळले, खुर्ची वळली. ते भाषणाला दोन पावलं पुढे आले, खुर्चीची चाकं हवेत गरगरत मागोमाग आली. हा कार्यक्रमाचाच भाग असावा असं समजून मागच्या रांगेनं टाळ्या वाजवल्या.

"मिस्त्री!" टेपसाहेब ओरडले.

मिस्त्रींनी खिशातून तेरा नंबरचा पाना काढला. खुर्चीच्या हाताचे नटबोल्ट त्यांनीच कधीतरी बसवले होते. कुठला गंजलेला आहे हे त्यांना पाठ होतं. अध्यक्ष वाकून उभे होते.

"जरा लवकर हो, मला अजून एक उद्घाटन आहे."

"हो साहेब. श्वास सोडा. धरून ठेवू नका."

बाईसाहेब ओठातल्या ओठात मोजत होत्या. अध्यक्ष खुर्चीत बसल्यापासून मोकळे होईपर्यंत तीनशे बारा झाले. एका माणसानं तिघांचा नंबर खाल्ला.

*

अर्ध्या तासात बाग रिकामी झाली. पाण्याच्या बाटल्या उरल्या, फितीचे दोन तुकडे उरले. मिस्त्रींनी जुन्या खुर्चीचा हात परत बसवला. बायको पिशवी घेऊन कट्ट्यावर बसली होती.

वॉचमन साखळी घेऊन आला. "मिस्त्री, कुलूप लावू ना? सांगितलंय लावायला. गैरवापर होतो."

"थांब जरा."

मिस्त्री ओरखडे उठलेल्या पाइपावर अंगठा फिरवत होते. सोमवारी येऊन रंगाचा एक हात मारावा लागेल, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. दुसरं काहीतरी असायला हवं होतं, पण नव्हतं.

"बाबा," बाईसाहेब म्हणाल्या, "ती आत ठेव."

"काय?"

"जुनी. आत ठेव आणि खटका लाव."

मिस्त्रींनी रिकामी खुर्ची फळीवरून आत ढकलली. फळी उचलली. खटका लागला. बाईसाहेब चाकं फिरवत झोक्याच्या मागे गेल्या. स्वतःचा ब्रेक लावला, पुढे वाकल्या आणि दोन्ही हातांनी पाळणा ढकलला. आजवर तिनं या बागेत फक्त मोजलं होतं, ढकललं कुणाला नव्हतं. पहिला झोका वाकडा गेला. दुसरा सरळ गेला.

"एक," ती म्हणाली. "दोन. तीन."

वॉचमन हसायला गेला, मिस्त्रींकडे पाहून थांबला. त्यानं साखळी कट्ट्यावर ठेवली, आवाज न करता.

ना भरभर, ना सावकाश. चाळीसला बायकोनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. सत्तरला ऊन झोक्यावर आलं. छोटी खुर्ची वर जायची, तिची पावलं ठेवायची पट्टी चमकायची, आणि परत खाली यायची. नव्वदनंतर बाईसाहेबांनी ढकलणं बंद केलं. आकडे तेवढे चालू राहिले.

"शंभर झाले," ती म्हणाली. "उतर."

पण बेअरिंग मिस्त्रींनी फार चांगलं बसवलं होतं. झोका बराच वेळ थांबेना.